काळा म्हणजे कोणता काळा

गेल्या खंडेनवमीला दुकानातल्या अवजारांची पूजा करताना माझ्या मनात एक शंका आली. छोटा कॅमेरा बंद केला की त्याचं भिंग आत जातं आणि वर पापणी मिटते. मग मिटल्या डोळ्यांच्या कॅमेऱ्याची पूजा देवाला पोचणार कशी? म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायचा जो कॅमेरा होता तो मी चालू केला. भिंग बाहेर आलं. मी भक्तिभावानं हळद-कुंकवाचं बोट टेकवलं. कुठं टेकलं ते बघितलं नाही, कारण चष्मा काढून देवासमोर ठेवला होता. त्याचीही पूजा करायची होती.

दुपारी एक निवृत्त ग्रामसेवक आले. नातवंडांचे फोटो काढायला छोटा कॅमेरा पाहिजे, रंग चांगले यावेत, म्हणाले. मी त्याच कॅमेऱ्यानं रस्त्याचा एक फोटो काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "बघा रंग! संध्याकाळचं सोनेरी ऊन पसरावं तसा. फोनला हे जमेल का?"

त्यांनी फोटो बघितला. घड्याळ बघितलं. मग मला बघितलं. "आत्ता तर बारा वाजलेत."

त्यांनी कॅमेरा उलटा केला, खिशातला रुमाल काढून भिंग पुसलं. रुमाल पिवळा झाला. "संध्याकाळ पुसली बघा तुमची," असं म्हणून ते पूजेचा पेढा घेऊन गेले. कॅमेरा तिथंच राहिला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बरीच फुशारकी मारणार आहे.

माझं दुकान गारखेड्यात आहे. छोटे डिजिटल कॅमेरे विकतो, काही नवे, बरेचसे वापरलेले पण मीच तपासून साफसूफ केलेले. शर्टाच्या खिशात मावतील असे. हे वाक्य ऐकलं की लोक माझ्याकडं तांगा हाकणाऱ्याकडं बघावं तसे बघतात. शेजारी रशीदभाईंचं मोबाइलचं दुकान आहे. ते रोज शटर उघडताना विचारतात, "क्या सेठ, डब्बे बेच रे अब्बी तक?" मी म्हणतो, "बेच रहा, और बेचूंगा." हा आमचा नमस्कार आहे. मंगल, म्हणजे माझी बायको, शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेत "यजमान काय करतात" असं कुणी विचारलं तर ती "दुकान आहे" एवढंच सांगून विषय बदलते, असा मला दाट संशय आहे.

तरी मी विकतो. कुणी म्हणालं 'फोन असताना कॅमेरा कशाला', तर मी त्याला खुर्ची देतो, चहा मागवतो आणि भांडतो.

फोनशी माझं वैर नाही. माझ्याही खिशात आहे. पण फोनच्या आत एक लग्न जुळवणारा मध्यस्थ बसवलेला असतो. आहे त्यापेक्षा बरं सांगायची त्याला खोड. आभाळ निळं करील, पालेभाजी हिरवीगार करील, माणूस गोरा करील, आणि तुम्हाला न विचारता करील. लग्नापुरतं ते खपतं. पण ज्याला फोटोत वस्तू जशी आहे तशीच पाहिजे, त्यानं कुठं जावं? माझ्याकडं यावं, असं माझं नम्र म्हणणं आहे. नम्र म्हणजे मी दुकानात पाटीच लावली आहे : 'मेगापिक्सेल किती ते विचारू नये.'

त्या पाटीचा अर्थ सांगतो. मेगापिक्सेल म्हणजे भाकरीचे तुकडे किती केले तो आकडा. भाकरी केवढी आहे ते कुणी विचारत नाही. कॅमेऱ्याच्या आत उजेड झेलणारी एक चकती असते, ती भाकरी. ती बोटाच्या नखाएवढी असेल, तर तिचे पाच तुकडे करा नाहीतर पन्नास करा, पोट तेवढंच भरणार. म्हणून छोटा कॅमेरा घेताना आधी आतली चकती मोठी बघायची, मग भिंग स्वच्छ बघायचं, आणि मग रंग. रंग कागदावर वाचून कळत नाही. म्हणून माझी एक रीत आहे. ज्याचा फोटो काढायचा आहे ती वस्तू घेऊन या. ट्यूबलाइटखाली नाही, दुकानाबाहेर सावलीत पायरीवर ठेवायची. दोनतीन कॅमेऱ्यांनी फोटो काढायचे, छापायचे, आणि छापलेला फोटो वस्तूला टेकवून बघायचा. जुळला तर कॅमेरा न्या. नाही जुळला तर चहा पिऊन जा.

या रितीपायी माझ्या पायरीवर काय काय येऊन बसलंय! एक गृहस्थ जांभळं घेऊन आले होते. फोटो होईपर्यंत त्यांनी अर्धी खाल्ली, आणि जिभेचाही फोटो काढा म्हणाले. एक बाई पैठणी घेऊन आल्या; काठ जुळला, पण पदरावरचा मोर फोटोत तोच दिसेना. मी तो कॅमेरा त्यांना दिला नाही. त्या रागावून म्हणाल्या, "अहो, मी घ्यायला तयार आहे, तुम्ही द्यायला का नाही?" मंगलही घरी हेच विचारते, पण जरा मोठ्यानं.

आता हिराबाईंचं सांगतो.

थंडी सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. पन्नाशीच्या पुढच्या एक बाई रशीदभाईंच्या दुकानात शिरल्या. खांद्यावर गाठोडं, मागं तिशीतला मुलगा. थोड्या वेळानं रशीदभाई त्यांना घेऊन माझ्याच पायरीशी आले. "अम्मा, रंग का लफडा है तो इनके पास बैठो. इनको काम नै है."

बाईंनी गाठोडं काउंटरवर सोडलं. आत घोंगडी होती. "हात लावून बघा, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी हात लावला. घोंगडी म्हणजे टोचणार, अशी माझी समजूत. ही मांजराच्या पाठीसारखी होती.

"जावळाची हाय," त्या म्हणाल्या. "कोकराची पहिली कातर. त्याच्या जन्मात एकदाच निघती. पुन्हा निघती ती जाड निघती."

त्या हिराबाई. पाचोडच्या पुढं त्यांची वस्ती. घरची मेंढरं, घरचीच कातर, सूत त्या कातणार, विणायला घरातच माग. मुलगा दत्तू कंपनीत जातो आणि आल्यावर घोंगड्यांचे फोटो फोनवर काढून पुण्याच्या एका दुकानदाराला पाठवतो. तो दुकानदार ते फोटो पुढं गिऱ्हाइकांना दाखवतो आणि मागणी कळवतो. सगळं छान चाललं होतं. आणि मग गेला सगळा माल परत आला.

"काय म्हणून परत आला?" मी विचारलं.

दत्तूनं फोन पुढं केला. फोटोत काळीभोर, मखमलीसारखी घोंगडी. काउंटरवरची तीच घोंगडी मात्र नुसती काळी नव्हती. लांबून काळी, जवळून बघितलं तर टोकाटोकाला तपकिरी झाक, गूळ जरा करपला की येते तशी. कोकरू उन्हात हिंडतं, त्याच्या केसांची टोकं उन्हानं तशी होतात.

"लोक म्हणले, काळी मागितली, विटकी आली. जुनी धुऊन पाठवली म्हणले," दत्तू म्हणाला. त्याचा आवाज पडलेला होता. "मपल्याच हातानं काढलेले फोटो. मलाच बोलणी बसली."

"मग ह्यानं काय करावं?" हिराबाई माझ्याकडं वळल्या. "काळ्या रंगाच्या पुड्या आणल्या ह्यानं! म्हणतो, माय, लोकर रंगवून घेऊ. फोटोसारखी व्हईल."

"गिऱ्हाइकाला काळी पाहिजे तर काळी द्यावी, त्यात काय पाप हाय?" दत्तू म्हणाला.

"फोटो खोटं बोलला म्हून मी लोकर खोटी करू?" हिराबाई म्हणाल्या. "उद्या तुझा फोटो गोरा आला तर तुला चुना फासू का?"

 मला वाटलं, पाटीवर मेगापिक्सेलऐवजी हे वाक्य लिहायला हवं होतं.

प्रकरण असं होतं : यंदाच्या जावळाची पोती भरून ठेवलेली. पुण्याच्या दुकानदारानं सांगितलेलं, की पुढच्या आठवडी बाजाराच्या आत नवे फोटो पाठवा. फोटो आणि माल जुळला तर ठीक, नाहीतर सगळी लोकर काळी करून द्या, नाहीतर आपला राम राम. हिराबाईंनी मुलाला बजावलं होतं, की फोटो जाईपर्यंत रंगाच्या पुडीला हात लावायचा नाही. पण फोटो जुळले नाहीत, तर त्यांच्याकडं दुसरा इलाज नव्हता. रंग उकळत्या पाण्यात द्यायचा असतो, त्यात जावळाचा मऊपणा जातो, आणि गेला की गेला. कोकराला पुन्हा जावळ येत नाही.

मी घोंगडी उचलून पायरीवर सावलीत अंथरली; एक कोपरा हिराबाईंनी धरून ठेवला. पहिला कॅमेरा नवाकोरा होता. त्यानं फोनसारखीच मखमल दाखवली. दुसऱ्यानं राखाडी काढली. ह्यात त्याचा दोष नाही. कॅमेऱ्याला समोर सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार पडलाय, आणि तो आपला उजेड वाढवत बसतो. काळी मेंढी त्यामुळं चुलीतल्या राखेसारखी येते. तिसरा कॅमेरा माझा लाडका. जुना, जाडसर, दिसायला साबणाच्या वडीसारखा, बनवणाऱ्यांनी कधीच बनवायचा बंद केलेला. त्याची चकती मोठी, आणि आतला मध्यस्थ जवळजवळ मुका. उजेड थोडा कमी केला, पांढरं काय ते दाखवलं, आणि फोटो काढला. छापून घोंगडीवर टेकवला.

फोटोची कड कुठं संपते आणि लोकर कुठं सुरू होते, ते हिराबाईंना बोटानं चाचपावं लागलं.

"ह्यो आपला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "अन् ह्यात माझा हात बी माझाच दिसायला. दत्तूच्या फोनात पावडर लावल्यागत येतो."

'पांढरं काय ते दाखवलं' म्हणजे काय, तेही सांगतो, कारण पुढचा घोटाळा तिथंच झाला. उन्हाचा उजेड वेगळ्या रंगाचा, सावलीतला वेगळा, दिव्याचा वेगळा. आपला डोळा ते सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला सांगावं लागतं, की बाबा रे, हे बघ, हे पांढरं. आता बाकीचे रंग यावरून ठरव. दुकानात माझ्याकडं त्यासाठी करड्या रंगाचा, कुठल्याच रंगाकडं न झुकणारा एक पुठ्ठा असतो. हिराबाईंच्या घरी तो कुठून असणार? मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "काही लागत नाही, ताई. घरातलं सगळ्यात पांढरंशुभ्र कापड घ्यायचं, कॅमेऱ्यासमोर धरायचं, हे बटण दाबायचं."

दत्तूला सगळं दोनदा करून दाखवलं. दोघं कॅमेरा घेऊन खुशीत गेले. मी रशीदभाईंना म्हणालो, "देखा? डब्बे की कमाल." ते म्हणाले, "कमाल देखेंगे, वापस आएंगे तब."

वापस आले नाहीत. फोन आला.

"भाऊ," हिराबाई म्हणाल्या, "तुमचा कॅमेरा तांब्याचा झालाय."

"म्हणजे?"

"घोंगडी तांबडी दिसायली. घासलेल्या तांब्यावानी. दत्तू म्हणतो, बघ, तुझ्या कॅमेऱ्यानं काय दिवे लावले. पाणी तापवायला ठेवतो म्हणायला."

"पाणी तापवू नका," मी म्हणालो. "मी येतो." बाजार दोन दिवसांवर आला होता.

दुकान बंद करून सकाळच्या एसटीनं निघालो तेव्हा मंगल म्हणाली, "एका छोट्या कॅमेऱ्यासाठी पाचोडला?" मी म्हणालो, "कॅमेऱ्यासाठी नाही, रंगासाठी." हे बोलताना मला फार भारी वाटलं. एसटीत उभं राहावं लागल्यावर तेवढं वाटेना.

वस्तीवर पोचलो तर अंगणात तीन दगडांवर पातेलं मांडलेलं, खाली सरपण रचलेलं, पेटवलेलं नाही. शेजारी लोकरीचं पोतं. त्या पोत्यावर हिराबाई बसल्या होत्या, मांडी घालून. उठायचा काही विचार दिसत नव्हता. दत्तू पलीकडं खाटेवर. मायलेकरांत सकाळपासून बोलणं नव्हतं.

मी कॅमेरा घेतला. भिंग पुसलं, हळद नव्हती, माझी खात्री झाली. बटणं तपासली. सावली तपासली, लिंबाची दाट सावली. सगळं ठीक. तरी फोटो तांबडे. घाम पुसत मी विचारलं, "पांढरं काय धरलं होतं?"

"तुम्ही सांगितलं तेच," दत्तू म्हणाला. "घरातलं सगळ्यात पांढरं. आमच्या बाचं बाजाराचं धोतर."

"लई पांढरं हाय," हिराबाई पोत्यावरूनच म्हणाल्या. "मी सोता धुते. अख्ख्या वस्तीत असं धोतर नाय."

धोतर दोरीवर वाळत होतं. मी जवळ गेलो. खरंच डोळे दिपावेत असं. आणि दोरीखाली दगडापाशी बादली होती. बादलीत निळं पाणी.

नीळ!

 आपल्याकडं पांढरं कापड पांढरं दिसावं म्हणून त्याला नीळ देतात. माझी आई द्यायची, मंगल माझ्या सदऱ्यांना देते. निळसर झाक आली की आपल्या डोळ्याला ते शुभ्र वाटतं. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्याला आपण सांगितलं, हे निळसर दिसतंय ना, हेच पांढरं समज. त्यानं आज्ञेप्रमाणं सगळ्यातून निळा काढून टाकला. निळा गेला, तांबूस-पिवळा वर आला. घोंगडीचं तांबं झालं.

आणि हे सगळं कुणी सांगितलं होतं? मी. इतकी वर्षं या धंद्यात असलेल्या, पाटी लावून बसलेल्या शहाण्यानं.

मी समजावून सांगितलं. दत्तू खाटेवरून उठला. "म्हंजी कॅमेरा नाय, धोतर खोटं बोललं?"

"धोतराला काय बोलू नगंस," हिराबाई म्हणाल्या. "ते मी धुतलंय."

"धोतराचं चुकलं नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"ते तर दिसायलंच की," दत्तू म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हिराबाई हसल्या.

पिशवीतून मी दुकानातला करडा पुठ्ठा काढला. घोंगडी लिंबाखाली अंथरली. पुठ्ठा दाखवून कॅमेऱ्याला नव्यानं शिकवलं. "आता तूच काढ," मी दत्तूला म्हणालो. त्यानं काढला. कॅमेऱ्याचा पडदा घोंगडीला टेकवून तिघांनी माना खाली घातल्या. काळा, आणि टोकाटोकाला करपल्या गुळाची झाक.

 दत्तूनं घोंगडीवरून हात फिरवला, पुन्हा पडद्याकडं बघितलं. "माय," तो म्हणाला, "ही अशीच हाय व्हय? मी कधी नीट बघितलीच नाय."

"कोकरं वळायला चल म्हणलं की तू फोन घेऊन बसतोस. कसं दिसंल?" हिराबाई म्हणाल्या. मग पोत्यावरून उठल्या, चहासाठी पातेल्याखालचं सरपण उचलून आत चुलीकडं घेऊन गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, शेवटी पुण्याचा माणूस फोटो फोनवरच बघणार ना? बघणार. त्याच्या पडद्यावर थोडं इकडंतिकडं होणार, ते माझ्या हातात नाही. पण मुळातच खोटं बोललेलं पुढं कुणाला सुधारता येत नाही. थोडी आमटी खारट झाली तर निभतं, मिठाचीच आमटी केली तर नाही.

फोटो बाजाराच्या आत गेले. दुसऱ्या दिवशी त्या दुकानदाराचा हिराबाईंना फोन आला. दत्तूनं नंतर मला सगळं बोलणं करून दाखवलं. "ही वेगळी जात आहे का हो? आधीच्या काळ्या होत्या."

"तीच मेंढरं, तीच मी," हिराबाई म्हणाल्या. "आधी फोटो खोटं बोलत व्हता. आता खरं बोलायला. तुमाला काळीकुट्ट पाहिजे आसंल तर दुसरीकडं बघा. आमच्याकडं मेंढीचा काळा हाय."

 मग त्यानं विचारलं, "हा मेंढीचा काळा असं लिहून लावू का फोटोखाली?"

मागणी आधीपेक्षा कमी आली. हेही सांगायला पाहिजे. काळीकुट्ट मागणारे दुसरीकडं गेले, जाऊ देत. पण ज्यांनी घेतल्या त्यांतली एकही परत आली नाही. जावळाची पोती होती तशी मागावर गेली. रंगाच्या पुड्यांचं काय केलं विचारलं, तर दत्तू म्हणाला, मायनं बैलाची शिंगं रंगवायला देऊन टाकल्या.

मी हे सगळं घरी कसं सांगितलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. जेवायला बसलो होतो. मी हातवारे करत सांगत होतो : मोठी चकती, मुका मध्यस्थ, करडा पुठ्ठा, निळीचा शोध. "लोक म्हणतात, छोटा कॅमेरा मेला," मी म्हणालो. "सांग त्यांना! माझ्या कॅमेऱ्यानं पोतीच्या पोती लोकर वाचवली. कुणी काही म्हणो, मी शटर ओढणार नाही. फोनवाल्यांनी सगळ्या जगाला चुना फासला तरी गारखेड्यात एका दुकानात काळा हा काळाच मिळेल!"

मंगलनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

"लोकर तुम्ही नाही वाचवली," ती म्हणाली. "हिराबाई पोत्यावर बसून राहिल्या, म्हणून वाचली. तुमच्या कॅमेऱ्यानं मधे लुडबूड केली नाही, इतकंच. आणि तेही दुसऱ्या खेपेला."